गोधडीवरचा डाग: मांजर ट्रेबाहेर का जातं?

(पॉडकास्टच्या या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्यातली भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे.)

आमच्याकडे तारापूरला सकाळपासून पाऊस लागलाय. मागे पत्र्यावरचा आवाज ऐकू येत असेल, तेवढा चालवून घ्या.

आजचा विषय जेवताना ऐकण्यासारखा नाही. ताट पुढ्यात असेल तर आधी जेवून घ्या, मी थांबते. आज बोलायचंय मांजराच्या शी-शूबद्दल. मांजर पाळणाऱ्या ओळखीच्यांपैकी निम्म्यांचा तरी मला कधी ना कधी फोन आलेला असतो, ‘अगं, आमचं मांजर ट्रे सोडून भलतीकडेच करतं, काय करू?’ पूर्वी मी म्हणायचे, ‘नाक घास त्याचं तिथे, बरोबर शिकेल.’ आज हा भाग करतेय तो मुख्यतः ते वाक्य परत घेण्यासाठी.

आमचा बोका चिकू. डहाणू-घोलवडच्या चिकूच्या सालीसारखा रंग, म्हणून चिकू. तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात चिंचणीच्या बाजारात एका मावशींच्या माशांच्या टोपलीआड कुडकुडत बसला होता, तळहाताएवढा. मावशी म्हणाल्या, ‘ने गो बाय, नायतर रात्री कुत्रे फाडतील.’ नेला. घरात आम्ही तिघं: मी, माझा नवरा आणि सासूबाई. तारापूर म्हटलं की बाहेरच्या लोकांना १९६९ साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र आठवतं, नाहीतर बोईसरची एमआयडीसी. आम्ही राहतो त्या जुन्या गावात, कौलारू घराला मागून पत्र्याची पडवी. नवरा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शिफ्टला जातो.

सासूबाईंना घरात मांजर नको होतं. मांजराने उंदीर धरावेत आणि पडवीत झोपावं, असं त्यांचं म्हणणं. घरात त्याच्यासाठी ‘संडास’ ठेवायचा हे त्यांना पटेचना. आमच्या शेजारी उत्तर प्रदेशातून आलेल्या एक चाची राहतात, त्यांनी तर हसून म्हणच ऐकवली, ‘बिल्ली का गू, न लीपने का न पोतने का.’ म्हणजे शेणाने निदान सारवता तरी येतं, याचा काहीच उपयोग नाही!

पण चिकू हुशार निघाला. प्लास्टिकच्या घमेल्यात माती घातली, त्याला एकदा आत ठेवला, झालं. पंज्याने उकरायचा, बसायचा, झाकायचा, की पळाला. मांजराला हे शिकवावं लागत नाही. आपल्या घरातली मांजरं आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आली आहेत. ते कोरड्या मुलखातलं जनावर, भुसभुशीत मातीत उकरून पुरण्याची त्याची जन्मजात सवय. तीन-चार आठवड्यांची पिल्लंसुद्धा आपण होऊन उकरायला लागतात. आपण फक्त योग्य जागा द्यायची.

दोन वर्षं काही तक्रार नव्हती. मग गेल्या पावसाळ्यात एका सकाळी सासूबाईंची किंकाळी. त्यांनी स्वतःच्या नऊवारी लुगड्यांची हाताने शिवलेली गोधडी, तिच्यावर ओला डाग. वास तर विचारूच नका. मी चिकूला धरलं, डागाजवळ नेलं, नाक घासलं आणि पाठीत एक धपाटा दिला. दुसऱ्या दिवशी परत गोधडी. तिसऱ्या दिवशी पायपुसणं. चौथ्या दिवशी माझा धुतलेल्या कपड्यांचा ढीग.

सासूबाई म्हणाल्या, ‘हा सूड घेतोय. तू त्याला रागावलीस ना, म्हणून. पोत्यात घाला आणि सातपाटीला बंदरावर सोडून या. तिथे माशांना काय तोटा?’ आणि खरं सांगते, मंडळी, त्या दिवशी मीसुद्धा ‘नाही’ म्हणाले नाही. नवऱ्याने रविवारी सुट्टी आहे, तेव्हा बघू म्हटलं.

तो रविवार उजाडला. दुपारी सासूबाई पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. चिकू ट्रेमध्ये जायचा, बसायचा, उठायचा. परत जायचा. मध्येच बारीक आवाजात ओरडायचा. मी म्हटलं, ‘बघा, आता नाटकं.’ सासूबाई काही बोलल्या नाहीत, बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग सूप बाजूला ठेवून उठल्या, ट्रेपाशी वाकल्या, माती बोटाने चाचपली. आणि मला हाक मारली, ‘अगं, इकडे ये. माती कोरडी आहे. याला होतच नाहीये. तुझ्या सासऱ्यांना प्रोस्टेटच्या वेळी असंच व्हायचं. दर दहा मिनिटांनी जायचे आणि नुसते उभे राहायचे.’

मी चिकूचं पोट दाबून बघितलं तर आत लिंबाएवढं काहीतरी टणक, आणि तो कळवळला.

रविवार संध्याकाळ. ओळखीच्या एका पशुवैद्यांना फोन लावला. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: नर आहे का, आणि शेवटची शू कधी झाली? मग म्हणाले, ‘सकाळपर्यंत थांबू नका.’ त्यांच्याकडे सोय नव्हती, त्यांनी विरारच्या पुढचा एक दवाखाना सांगितला. नवऱ्याने मित्राची गाडी आणली. बोईसरहून चिल्हार फाटा, तिथून हायवे. भाजीच्या टोपलीत चिकू, टोपली माझ्या मांडीवर. आणि टोपलीत खाली काय अंथरलं होतं माहितीये? तीच गोधडी. सासूबाईंनी स्वतः दिली. ‘नाहीतरी खराब झालीच आहे,’ म्हणाल्या.

त्याचा मूत्रमार्ग पूर्ण बंद झाला होता. डॉक्टरांनी भूल देऊन नळी घातली, मूत्राशय रिकामं केलं, तीन दिवस सलाइनवर ठेवलं. बोक्याचा मूत्रमार्ग लांब आणि टोकाला फार अरुंद असतो. लघवीतले बारीक खडे आणि चिकट स्राव मिळून तिथे बूच बसतं. मग लघवी तुंबते, मूत्रपिंडं काम थांबवतात, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडतं. उपचार मिळाले नाहीत तर एक-दोन दिवसांत जनावर जातं. म्हणजे आम्ही त्या रविवारी त्याला बंदरावर सोडून आलो असतो, तर तो मंगळवारपर्यंत कुठल्या तरी होडीखाली तडफडून मेला असता. आणि आम्ही म्हटलं असतं, ‘तिथे मासे खाऊन मजेत असेल.’

आणि गोधडीचं कोडं? डॉक्टरांनी समजावलं. मूत्राशयाला आतून सूज आली की लघवी करताना आग होते. मांजराला कळत नाही की दुखणं आपल्या पोटात आहे. त्याला वाटतं, त्या ट्रेमध्ये गेलं की दुखतं. म्हणून ते दुसरी मऊ जागा शोधतं. गोधडी, गादी, कपड्यांचा ढीग. तो सूड घेत नव्हता. त्याला जिथे कमी दुखेल असं वाटत होतं, तिथे तो जात होता. आणि तिथे मी त्याला मारत होते.

आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. मांजर ट्रेबाहेर गेलं, तर आधी त्याला काय होतंय ते बघायचं, रागवायचं नंतरसुद्धा नाही. थोडी-थोडी शू, सारखं जाऊन बसणं, ओरडणं, लघवीत लालसर रंग, खालची जागा सारखी चाटणं, यातलं काही दिसलं तर डॉक्टर. आणि बोका असेल आणि थेंबही येत नसेल तर त्याच क्षणी निघायचं. रात्र असो, पाऊस असो.

तब्येत ठीक असेल, तर मग ट्रेकडे बघायचं. इथे आमच्या चुका मोजते, म्हणजे तुमच्या तुम्हाला सापडतील.

पहिली चूक, जागा. पावसात पडवी ओली होते म्हणून मी ट्रे उचलून वॉशिंग मशीनशेजारी ठेवला होता. मशीन कधी गुरगुरेल याचा नेम नाही. जिथे बसल्यावर अचानक राक्षस ओरडतो, तिथे तुम्ही जाल का? ट्रे शांत कोपऱ्यात हवा, पण मांजराला पळायला वाट हवी. खाण्या-पिण्याच्या भांड्यांपासून दूर हवा. जेवणाशेजारी संडास त्यालाही आवडत नाही.

दुसरी चूक, आकार. पिल्लू असतानाचं घमेलं तसंच चालू होतं. चिकू आता साडेचार किलोचा. ट्रे मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतच्या लांबीच्या दीडपट हवा, म्हणजे त्याला आत गोल फिरता येतं. महागडा ट्रे घ्यायची गरज नाही. आम्ही कपडे भिजवायचा मोठा टब घेतला आणि त्याची एक बाजू कापून दार केलं. कड घासून गुळगुळीत करा मात्र. आणि झाकणवाला ट्रे आपल्याला बरा वाटतो, कारण वास आत राहतो. पण तो वास आत बसणाऱ्यालाच घ्यावा लागतो!

तिसरी चूक, संख्या. जाणकारांचा ठोकताळा असा, की जितकी मांजरं, त्याहून एक जास्त ट्रे. एकाला दोन, दोघांना तीन. आणि सगळे एका रांगेत नाही, वेगवेगळ्या ठिकाणी. छोट्या घरात हे जमत नाही, मला मान्य आहे. पण मग एकच ट्रे दिवसातून दोनदा साफ करायचा. एकदा तर करायचाच करायचा.

चौथी चूक, सुगंध. पावसाळ्यात वास येतो म्हणून मी लव्हेंडरच्या वासाचं लिटर आणलं. मांजराचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी तिखट. आपल्याला मंद वाटणारा सुगंध त्याला अत्तराची बाटली फुटल्यासारखा लागतो. बिनवासाचं लिटर घ्या, दोन ते तीन इंच थर ठेवा, आणि प्रकार बदलायचाच असेल तर जुन्यात थोडं-थोडं नवं मिसळत आठवडाभरात बदला.

लिटरचा इतिहास मजेशीर आहे. पूर्वी सगळीकडेच लोक राख, वाळू, भुसा वापरायचे. १९४७ साली अमेरिकेत, मिशिगन राज्यात, एड लो नावाच्या तरुणाकडे शेजारीण वाळू मागायला आली, कारण थंडीत तिची वाळू गोठली होती. राखेने घरभर काळी पावलं उमटत होती. त्याच्याकडे कारखान्यातलं तेल शोषायची माती होती, तीच त्याने दिली. ही माती म्हणजे आपल्या मुलतानी मातीच्या जातीची! बाईला ती इतकी आवडली, की लोने पिशव्या भरून ‘किटी लिटर’ नावाने विकायला सुरुवात केली आणि पुढे कोट्यधीश झाला. ओलं झालं की गोळा होणारं बेंटोनाइटचं लिटर १९८०च्या दशकात आलं. बेंटोनाइटच्या मोठ्या खाणी आपल्या शेजारी, गुजरातेत कच्छमध्ये आहेत.

विकतचं परवडत नसेल तर? आपल्या भागात भात होतो, गिरणीत तूस मिळतं. लाकडाचा भुसाही चालतो, पण बारीक धूळ चाळून काढा आणि रंग किंवा पॉलिश लागलेल्या लाकडाचा नको. दोन्हींचा गोळा होत नाही, त्यामुळे सगळं वरचेवर बदलावं लागतं. पावसाळ्यात दमट तुसाला बुरशी येते, तेही बघा. समुद्रावरची वाळू मात्र आणू नका. खारट वाळू हवेतलं पाणी ओढते, कायम ओलसर राहते, आणि किनाऱ्यावरच्या वाळू उपशाला मनाई आहे. आणि बेंटोनाइटचं लिटर कधीही संडासात टाकून फ्लश करू नका. ते पाण्यात फुगतं, पाइप तुंबतो. पिशवीत बांधून कचऱ्यात.

आता वास. आपल्या बोईसर-तारापूरकरांना अमोनिया काय ते वेगळं सांगायला नको, एमआयडीसीच्या वाऱ्याने आपली नाकं पदवीधर झालेली आहेत. मांजराची शू वाळत जाते तसा तिच्यातल्या युरियाचा जिवाणूंमुळे अमोनिया होतो. त्यात मांजराच्या लघवीत फेलिनिन नावाचा खास पदार्थ असतो, तो विघटित झाला की गंधकाचे उग्र वास सुटतात. नसबंदी न झालेल्या बोक्यात हे सगळ्यात जास्त.

म्हणून नसबंदीबद्दल दोन शब्द. बोका उभा राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर किंवा दारावर फवारा मारत असेल, तर ती शू नव्हे, ती हद्दीची खूण आहे. खिडकीबाहेर दुसरा बोका फिरत असला की हे वाढतं. नसबंदी केल्यावर दहातल्या साधारण नऊ बोक्यांमध्ये हे थांबतं किंवा खूप कमी होतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, पुसायचं कशाने. आपल्या घरात डाग दिसला की हात फिनाइलकडे जातो. मांजराच्या घरात हे करू नका. फिनॉलसारखी रसायनं पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. ते ओल्या फरशीवरून चालतं, पंजे चाटतं, आणि विष पोटात जातं. ‘इथे मांजर येऊ नये’ म्हणून डांबरगोळ्या ठेवणारे लोक आहेत, त्याही विषारी. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेऊ शकते, तेव्हा घरगुती डॉक्टरकी नको. ब्लीच तर नकोच. ब्लीच आणि लघवीतला अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइनचे वायू तयार होतात, ते आपल्याही छातीला वाईट.

मग करायचं काय? आधी जुन्या फडक्याने टिपून घ्या, घासू नका. थंड पाण्याने धुवा. मग एन्झाइमवाली कपड्याची पावडर पाण्यात विरघळवून तो डाग भिजवून ठेवा, पुन्हा साध्या पाण्याने धुवा आणि उन्हात वाळवा. बाजारात मांजराच्या डागांसाठी एन्झाइमचे तयार द्रव मिळतात, तेही चांगले. आपल्याला वास गेला असं वाटलं तरी मांजराला तो येत असतो, आणि वास उरला की तीच जागा त्याला पुन्हा संडास वाटते. गोधडीला आम्ही तीन वेळा हे केलं.

एक प्रश्न नेहमी येतो: घरात कुणी गरोदर असेल तर मांजर काढून टाकायचं का? नाही. भीती असते टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची. ती खरी आहे, पण समजून घ्या. मांजराच्या विष्ठेतून पडलेली त्याची अंडी बाधा करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून ट्रे रोजच्या रोज साफ झाला, आणि तो गरोदर बाईऐवजी दुसऱ्याने केला, तर धोका फार कमी होतो. दुसरं कुणी नसेल तर हातमोजे घाला आणि नंतर साबणाने हात धुवा. मांजराला कच्चं मटण घालू नका. अर्धकच्चं मटण आणि न धुतलेल्या भाज्या यांच्यातूनही हा आजार होतो, तिकडेही तितकंच लक्ष हवं. नवरेमंडळी ऐकताय ना? नऊ महिने स्कूप तुमच्या हातात.

चिकू घरी आला त्याला आता वर्ष होईल. डॉक्टरांनी सांगितलं, पाणी पोटात जाऊ दे. मूळचं कोरड्या मुलखातलं जनावर, तहान कमी लागते, लघवी घट्ट होते. म्हणून आता घरात तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या आहेत आणि कोरड्या खाण्याबरोबर ओलं खाणं असतं. घरात पाहुणे, भांडणं, सामानाची हलवाहलव झाली की त्याचा त्रास उलटतो, मांजराचा ताण थेट मूत्राशयात उतरतो म्हणतात. त्यामुळे आमच्या घरात भांडणं कमी झाली असं म्हणणार होते, पण ते काही खरं नाही.

बंदरावर सोडण्याबद्दलही सांगते. पाळलेलं जनावर उपाशी-तहानेलं मरेल अशा स्थितीत टाकून देणं हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा माहीत नव्हता म्हणून आम्ही तो विचार केला असं नाही. आम्हाला वाटलं होतं की तो मुद्दाम करतोय. एकदा ‘मुद्दाम’ म्हटलं, की पुढचं बघायची गरज संपते.

ज्यांनी पोतं आणायला सांगितलं होतं, त्याच सासूबाईंनी वाकून माती चाचपली, हे मी विसरत नाही. आज सकाळी उठले तर त्या ट्रेपाशी चष्मा लावून उभ्या. मी म्हटलं, ‘आई, मी करते ना साफ.’ तर म्हणतात, ‘थांब, मोजू दे. कालपासून तीन गोळे, बरे मोठे. चांगली होतेय याला.’ आणि देवाला फुलं वाहायला गेल्या. गोधडी आता चिकूची. डाग अजून पुसटसा आहे.

चला, आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या मांजराची काही गोष्ट असेल, काही युक्ती सापडली असेल, तर जरूर कळवा. आणि हा भाग संपल्यावर एक काम करा, उठा आणि ट्रे बघून या. ओला आहे ना, एवढंच बघा.

भेटू पुढच्या भागात. नमस्कार!